आमच्या साडूंची फायनल

आमच्या साडूंनी आजवर कोणालाही कोणतीही वस्तू हातात दिलेली नाही. ते फेकतात. किल्ल्या फेकतात, टॉवेल फेकतात, नारळ फेकतात, आणि समोरच्याला हाक मारायच्या आधीच फेकतात. माझं वाशीमला चष्म्याचं दुकान आहे. म्हणजे भिंतीभर काच, काउंटरला काच आणि गिऱ्हाइकाच्या नाकावरही काच. ज्या माणसाला अशा ठिकाणी पोलीस बंदोबस्तातही आत सोडू नये, तो माणूस दर पंधरा दिवसांनी येतो, उंबऱ्यावर उभा राहतो आणि "साडूभाऊ, झेला!" म्हणतो. 'झेला' हा शब्द माझ्या कानापर्यंत पोचेतो हुरड्याची नाहीतर शिरपूरहून आणलेल्या पेढ्यांची पुडी माझ्या छातीवर येऊन आदळलेली असते. एकदा त्यांनी सीताफळ फेकलं. पिकलेलं होतं. मी एका बाईंचे डोळे तपासत होतो. त्या बाईंनी नंतर माझ्या दुकानात पाऊल टाकलं नाही, आणि साडूंचं म्हणणं असं की चूक माझीच. "तुमचे हातच छातीपाशी नव्हते, साडूभाऊ. हात कधीबी छातीपाशी पायजेत." तेव्हापासून साडू आले की मी दोन्ही हात छातीशी धरून उभा राहतो. गिऱ्हाइकांना वाटतं, माणूस फार नम्र आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे यजमान. किन्हीराजाच्या बाजूला, आडवळणाच्या एका गावी खेळाचे मास्तर आहेत. पण हे झालं पगारपत्रकातलं वर्णन. स्वतःची ओळख करून देताना ते वेगळं सांगतात. "मी क्वार्टरबॅक. सध्या कोच." हे ते बसच्या कंडक्टरलाही सांगतात. आता कंडक्टरला क्वार्टरबॅक म्हणजे काय ते माहीत असायचं काही कारण नाही, म्हणून मग ते समजावतात. अमेरिकेत एक फुटबॉल असतो. तो लिंबासारखा दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हातात घेऊन पळायचं, नाहीतर आपल्या माणसाकडे फेकायचा, आणि समोरच्या अकरा जणांनी अंगावर पडून ते होऊ द्यायचं नाही. यात मधोमध उभा राहून, कोण कुठे पळेल आणि बॉल कोणाकडे जाईल हे ठरवणारा आणि फेकणारा तो क्वार्टरबॅक. हे ऐकून कंडक्टर न चुकता विचारतो, "हातानं खेळतात तं फुटबॉल काहून म्हणतात?" या प्रश्नाने आमच्या साडूंचं टाळकं सरकतं. त्या मार्गावरच्या सगळ्या कंडक्टरांना हे ठाऊक झालं आहे आणि ते वेळ घालवायला हाच प्रश्न आळीपाळीने विचारतात. साडू दर वेळी नव्याने चिडतात आणि दर वेळी नव्याने समजावतात. मी शेजारच्या सीटवर असलो तर खिडकीबाहेरची तूर बघत बसतो.

या विद्येचा उगम ज्वारीच्या शेतात आहे. लहानपणी साडू माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरं हाकलायचे. त्यांचा गोटा म्हणे ज्या पाखरावर रोखलेला असे त्याच पाखराच्या शेजारून जाई, मारायचा नाही, फक्त उडवायचा, असा त्यांचा नेम. पुढे ते अमरावतीला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात गेले. तिथे कोण्या हौशी सरांनी हा परदेशी खेळ आणला होता आणि त्यांना लांब फेकणारा माणूस हवा होता. सरांनी यांचा हात पाहिला आणि झालं. कबड्डीत नाव काढू शकला असता असा एक धडधाकट माणूस कायमचा वाया गेला. हे माझ्या सासऱ्यांचे शब्द आहेत, माझे नाहीत. मी फक्त त्यांच्याशी सहमत आहे.

त्यांच्यासोबत जेवायला बसणं ही शिक्षा आहे. पहिल्या घासालाच ते माझं ताट ओढून घेतात. "हा भात म्हंजे आपली लाइन. हे वरण त्याईची." मग लोणच्याची फोड भाताच्या मागे उभी राहते, ती म्हणजे ते स्वतः. पापडाचा तुकडा डावीकडून पळत सुटतो, भज्याला आडवा येतो, लोणचं मागे सरकतं, वाट पाहतं, वाट पाहतं, आणि मग बरोबर पापडाच्या पुढे जाऊन पडतं. "समजलं?" मी म्हणतो समजलं. न समजून जाणार कुठे, ताट त्यांच्याकडे असतं! तोवर वरण भातात घुसून सगळी लाइन उद्ध्वस्त झालेली असते, आणि ते गार, कालवलेलं रणांगण मला गिळावं लागतं. लग्नकार्यात तर विचारूच नका. माझ्या पुतण्याच्या लग्नात पंगत वाढायची वेळ झाली, तर या गृहस्थांनी वाढप्यांचं कोंडाळं केलं. सगळ्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकायचे, डोकी खाली आणि आवाज बारीक. "बुंदीवाला डावीकून निंघन. मठ्ठेवाला त्याच्या मांगं. मी 'हट' म्हणलं का सुटा." तिकडे पंगत ताटकळली, नवरदेवाचे मामा हात धुऊन बसलेले, आणि इकडे वाढपी माना खाली घालून उभे. एका म्हाताऱ्या पाहुण्याला वाटलं, मांडवात काही वाईट बातमी आली. तो बिचारा टोपी काढून शेजारी जाऊन उभा राहिला.

खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द खांद्याने संपवली आणि मग हे कोच झाले. कोच होणं त्यांच्या हातात होतं, कारण त्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती. गावाच्या आखरावर, म्हणजे गुरं गोळा होतात त्या मोकळ्या जागेवर, त्यांनी शाळेची आणि शाळा सोडलेली पोट्टी जमवली आणि शिकवायला लागले. बॉल होता, पण हेल्मेट आणि खांद्याच्या गाद्या कुठून आणायच्या? हेल्मेटं कुठूनशी जुनी मिळाली. गाद्यांसाठी ते बस बदलून मंगरूळपीरला गेले आणि दर्ग्याच्या वाटेवर रहीमभाईंचं दुकान गाठलं. रहीमभाई गाद्या-रजया भरतात, पिढीजात कापूस पिंजणारा माणूस. त्यांनी खांद्यांचं माप घेतलं, काढलेली आकृती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "मास्तर, ये पैनके सोना है के लडना है?"

"लढायचं हाये, रहीमभाई."

"तो फिर रुई जरा दबा के भरनी पडेंगी."

आणि त्यांनी ती अशी काही दाबून भरली की पोट्ट्यांचे हातच खाली येईनात. पहिल्या दिवशी अख्खी टीम कोणीतरी बंदूक रोखल्यासारखी हात वर करून आखरावर उभी होती. मग दोरे उसवून कापूस काढला. मग पाऊस आला. कापसाने पाणी किती प्यावं याला काही धरबंध? एकेक पोट्टा जागच्या जागी बसला, आणि त्यांना उठवायला त्यांचे बाप शेतातून आले. रहीमभाईंनी हे ऐकून सबंध संच पुन्हा उसवून पुन्हा भरून दिला, आणि वर स्वतः येऊन प्रत्येकाच्या खांद्यावर बसतो की नाही ते पाहून गेले. तेव्हापासून ते या संघाचे एकमेव प्रेक्षक झाले.

मग गोलचे खांब. दोन उंच खांब आणि मध्ये आडवी बल्ली, असे खांब साडूंनी आखराच्या एका टोकाला पुरले. गावाने काही विचारलं नाही. पोळ्याच्या दिवशी दुपारी साडू आखरावर गेले तर आडव्या बल्लीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, आणि सगळ्या गावाचे बैल शिंगं रंगवून, झुली घालून रांगेत उभे! साडूंचा तोल गेला. हे तोरण नाही, हा गोलपोस्ट आहे, खुरांनी मैदानाचा सत्यानास होईल, वगैरे. सरपंच शांतपणे म्हणाले, "मास्तर, दोन खांब अन् मधात आडवी बल्ली. आखरावर. पोयाच्या आंधी तुमीच गाडले. मंग आमी काय समजाव?" साडू थोडा वेळ धुसफुसले. पण समोर एवढी मोठी रांग पाहून त्यांच्यातला कोच जागा झाला आणि त्यांनी बैल लावायला घेतले. मानाची जोडी मधात, गोऱ्हे दोन्ही कडांना, म्हातारे बैल मागे. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणारे म्हणत राहिले, हे बैलांना मागे-पुढे सरकवत राहिले. संध्याकाळी मला फोन. "साडूभाऊ, अशी लाइन मी जिंदगीत नाई पाह्यली. एकबी आंधी हालला नाई!" आता बैल 'हट' म्हटल्याशिवाय हलत नाहीत यात त्यांचं काय कौतुक, हे मी विचारलं नाही.

हे सगळं मी सहन केलं. पण एक गोष्ट मला सहन होत नसे, आणि ती म्हणजे हैदराबादची फायनल. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी साडूंचा संघ हैदराबादला फायनल खेळला, आणि ती त्यांनी जिंकून दिली, ही ती गोष्ट. वेळ संपत आलेली. संघ मागे. समोरचे राक्षस अंगावर धावून येताहेत, खांद्यातून कळ निघते आहे, आणि साडू मागे सरकत सरकत शेवटचा बॉल असा काही फेकतात की तो थेट कोपऱ्यात, त्यांच्या बुलडाण्याच्या एका लंबू मित्राच्या छातीवर! पब्लिक वेडं. साडू खांद्यावर. ही गोष्ट मी बारशाला ऐकली, तेराव्याला ऐकली, दवाखान्यात सलाईन लावलेल्या अवस्थेत ऐकली. सुरू झाली की थांबत नसे, आणि कुठेही घाईत आटोपली जात नसे. मी तर बुलडाण्याच्या त्या लंबूला ओळखायला लागलो होतो. त्याला पाठीवर तीळ आहे.

खरी अडचण पुढे आहे. या गोष्टीवर आमच्या नात्यागोत्यात कोणाचाही विश्वास नव्हता. पुरावा म्हणून साडूंकडे एक फोटो. त्यात अकरा जण ओळीने उभे, आणि अकराही जणांच्या डोक्यावर हेल्मेट, तोंडावर जाळी. "डावीकून तिसरा मी," असं ते सांगत. एकदा चौथा म्हणाले. झालं! तेव्हापासून आमच्या सासुरवाडीत हा चेष्टेचा विषय झाला. "भाऊजी, आज कितवे?" असं पोरंटोरं विचारायची. हळूहळू सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की हा माणूस फायनल तर सोडाच, कुठे खेळलेलाच नाही, बॉलच्या पिशव्या उचलायला गेला असेल. हे सगळं ताईंच्या समोर चालायचं. साडूंच्या कानांवरून ते वाहून जाई, पण ताईंचा चेहरा उतरायचा. ताई म्हणजे कमी बोलणारी बाई. सोयाबीन-तुरीचं सगळं त्याच पाहतात. त्या फक्त एवढंच म्हणत, "ते म्हणतात तं खेळलेच असतीन." पण 'असतीन' म्हणताना त्यांचा आवाज किंचित खाली येई, आणि तो मला ऐकू येई. लग्न झालं तेव्हा साडूंचा खांदा आधीच कामातून गेला होता. ताईंनी त्यांना खेळताना कधी पाहिलंच नव्हतं.

आणि कोच म्हणून तरी काय दाखवावं? इतकी वर्षं शिकवलं, पण या संघाने एकही सामना खेळला नव्हता. खेळणार कोणाशी? हा खेळ आसपास कोणी खेळत नाही, हे साडूंचं दुःख. "समोर टीमच नाई, साडूभाऊ. टीम असती तं दाखवलं असतं." हे वाक्य ते उसासा टाकून म्हणत आणि मला खरोखर वाईट वाटे.

मागच्या हिवाळ्यात माझ्या मुलीला मोबाइलवर नांदेडच्या पोरांचा व्हिडिओ दिसला. तेच हेल्मेट, तोच लिंबासारखा बॉल. तिने तो ताईंना दाखवला. ताईंनी कोणाला न विचारता त्यांच्या कोचचा नंबर मिळवला, स्वतः फोन लावला आणि म्हणाल्या, "आमच्या इथं टीम हाये. तुमी खेळाले या." ते गृहस्थ एका पायावर तयार. त्यांनाही म्हणे खेळायला कोणी मिळत नव्हतं. तारीख ठरली. ताईंनी सासुरवाडीच्या झाडून सगळ्यांना बोलावलं. सगळ्यांना. विशेषतः जे हसत होते त्यांना. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या बाईला सामना बघायचा नाही, तिला एकदाचा निकाल लावायचा आहे.

आम्हाला वाटलं, साडू आनंदाने नाचतील. कसलं काय! बातमी ऐकून माणूस पांढरा पडला. "नांदेडचे? त्याईचा कोच कोण हाये?" ताईंनी नाव सांगितलं. मग सुरू झालं. नांदेडची माती वेगळी. त्यांचा बॉल वेगळा असतो. पोट्टे अजून कच्चे आहेत. एका पोट्ट्याची दाढ दुखते. तूर काढायची आहे. मला तर दुकानात येऊन म्हणाले, "साडूभाऊ, तुमी जरा फोन करा ना, म्हणा गावात गोवर निंघाला." माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. वर्षानुवर्षं टीम नाही टीम नाही म्हणून माझं डोकं खाल्लं, आणि टीम आली तर गोवर? मी त्यांना नको नको ते बोललो. ते ऐकून घेत राहिले. त्या दिवशी त्यांनी जाताना काही फेकलंसुद्धा नाही.

सामन्याच्या दिवशी गावाने जी चूक केली ती आमच्या वऱ्हाडातच होऊ शकते. पाहुणे लांबून आलेले, बाहेरगावचे पोट्टे, मग त्यांना उपाशी खेळवायचं? गावाने रोडग्यांचा बेत केला. कणकेचे मोठाले गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, वर वांग्याची भाजी, वरण, आणि रोडगा कुस्करून त्यात तुपाची धार. रोडगे खाल्लेल्या माणसाला झाडाखाली आडवं व्हायचं असतं, हे गावातल्या कुत्र्यालाही कळतं. पण पाहुणचार म्हटला की आमची अक्कल गहाण. साडू ओरडून ओरडून थकले. "मॅचच्या आंधी कोनी रोडगे चारते काय!" सरपंच म्हणाले, "मास्तर, खेळ होत राह्यते. मानूस उपाशी जाऊ देनं आपल्या गावात नाई." शेवटी साडूंनीच वाढायला घेतलं, निदान जास्त वाढलं जाऊ नये म्हणून. खाली मान घालून वाढत होते. नांदेडच्या कोचच्या बाजूला तर फिरकतच नव्हते.

पण सवय कुठे जाते? पंगतीच्या शेवटी बसलेल्या कोणीतरी रोडगा मागितला आणि साडूंनी आहे तिथून फेकला. तो मधोमध बसलेल्या नांदेडच्या कोचच्या डोक्यावरून चालला होता. जाडजूड, हसतमुख गृहस्थ. त्यांनी वर न बघता एक हात उचलला आणि रोडगा वरच्या वर झेलला. मग हातातल्या रोडग्याकडे पाहिलं. मग साडूंकडे.

"सर," ते म्हणाले, "हा हात मी ओळखतो. हैदराबाद! फायनल! शेवटचा बॉल तुमचाच ना?"

पंगतीतल्या सासुरवाडीच्या माणसांचे घास थांबले. ताई तुपाचं भांडं घेऊन उभ्या होत्या, त्या जागीच थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उजाडलं की मला कोणाला तरी ओरडून सांगावंसं वाटलं, बघा, बघा!

"अहो, तो बॉल मी झेलला!" कोच आनंदाने म्हणाले.

"म्हंजे तुमी बुलडान्याचे?" माझ्या सासऱ्यांनी विचारलं.

"नाही हो, मी नांदेडचा. हैदराबादला शिकायला होतो. समोरच्या टीमकडून! मधेच उडी मारून घेतला आणि आम्ही जिंकलो. काय दिवस होता!"

सगळी पंगत त्यांच्याकडे बघत राहिली. त्या भल्या माणसाला वाटलं, लोक गोष्टीत रंगले आहेत, म्हणून तो पुढे सांगत सुटला. "पण बॉल काय होता! यांचा खांदा आधीच निखळला होता. सगळं ग्राउंड ओरडत होतं, बाहेर जा, बाहेर जा. गेले नाहीत. त्या खांद्याने फेकला. फेकला आणि तिथंच कोसळले. मी एका बाजूनं धरलं होतं यांना, उचलून नेताना." साडूंनी रोडग्यांची परात खाली ठेवली आणि आखराच्या टोकाला, खांबाच्या मागे जाऊन बसले.

आता कळलं ना, समोर टीम का मिळत नव्हती ते? नांदेड काही अमेरिकेत नाही. या माणसाला सगळं माहीत होतं. मला इतका राग आला, इतका राग आला, की मी ताडताड त्यांच्याकडे निघालो. इतकी वर्षं मला हातोहात बनवलं! बुलडाण्याच्या लंबूच्या पाठीवरचा तीळसुद्धा बनवला! पण माझ्या आधी ताई तिथे पोचल्या होत्या. मी चार हात मागे थांबलो. तिकडे पंगत उठून सामन्याची वेळ झाली होती, आणि पोट भरलेले दोन्ही संघ एकमेकांकडे बघत उभे होते. आमच्या पोट्ट्यांना कोणी कुठे पळायचं ते सांगणारं कोणी नव्हतं.

साडू खाली बघत म्हणाले, "खोटं बोललो व मी. हरलो होतो."

"हरले तं हरले," ताई म्हणाल्या. "मले इतके वर्ष वाटे का तुमी खेळलेच नाई. लोक तोंडावर हासत, मी ऐकून घेत राह्यली. मनात म्हणो, माहा मानूस खोटा हाये, पन माहा हाये. आज त्या मान्सानं सांगतलं का तुमी तिथं होते, अन् खांदा मोडला तरी हटले नाई. मले तेवढंच पायजे होतं." मग एकदम चिडून म्हणाल्या, "आता उठा ना! पोट्टे वाट पाहून राह्यले!"

साडू उठले. डोळे पुसले, तेही बाहीला, आणि मग जे काही ओरडायला लागले की समोरच्या कडुलिंबावरची पाखरं उडाली. कोंडाळं झालं. डोकी खाली गेली. नांदेडचे खेळाडू वाकले की त्यांना उठवायला शेजाऱ्याला हात द्यावा लागत होता. एक जण बॉल घेऊन पळता पळता मधेच थांबला आणि ढेकर देऊन पुढे गेला. आमच्यांचीही तीच गत. इतका जड सामना जगात कुठे झाला नसेल. रहीमभाई खांबापाशी उभे राहून प्रत्येक धडकेला "वा! गादी देखो, गादी!" असं ओरडत होते. खेळ त्यांना अजून कळत नाही, पण गाद्या टिकल्या. आम्ही हरलो. थोडक्यात हरलो, असं साडू म्हणतात. मी तिथे होतो, इतकं काही थोडक्यात नव्हतं. पण हे मी कोणाला सांगत नाही.

ते झालं आणि साडू बदलले. कोचिंग चालू आहे, नांदेडला दोनदा जाऊन आले, दोनदा हरून आले. पण हैदराबादची फायनल मात्र बंद झाली. कोणी विचारलं तर म्हणतात, "हाव, खेळलो थोडंबहुत. हरलो." संपलं. मला वाटलं होतं, सुटलो एकदाचा. काही दिवस बरंही वाटलं. मग एका तेराव्याला आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो, बोलायला काही नव्हतं, आणि मी चक्क वाट बघत होतो. बारसं गेलं, साखरपुडा गेला. माणसं जमायची, पानसुपारी व्हायची, आणि मधेच एक रिकामी जागा पडायची. तिथे ती गोष्ट असायची. मी स्वतःवरच वैतागलो. थांबत नाही म्हणून या माणसाने मला छळलं, आणि आता सुरू होत नाही म्हणून छळतोय!

परवा माझ्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते. पोहे झाले. मुलाचे काका सहज साडूंना म्हणाले, "तुम्ही काहीतरी खेळायचात म्हणे?"

"हाव. थोडंबहुत," साडू म्हणाले आणि बशी पुसल्यासारखी करत बसले.

ताई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सांगा ना. जिंकल्यावाली सांगा."

साडूंनी मान हलवली. "नाई व. ते आता जमत नाई."

मला काय झालं कोण जाणे. मीच घसा साफ केला आणि पाहुण्यांना म्हणालो, "त्याचं असं झालं, हैदराबादला त्या दिवशी वारा सुटला होता. उजवीकडून."

"डावीकून," साडू म्हणाले.

"उजवीकडून. मी हजारदा ऐकलंय."

"डावीकून होता, साडूभाऊ! उजवीकून असता तं बॉल पोचलाच नसता!"

"मग तुम्हीच सांगा!" मी खेकसलो.

त्यांनी ताईंकडे पाहिलं. मग बशी खाली ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली. "हरल्याची सांगतो," ते म्हणाले. "ते जिंकल्यावालीपेक्षा लंबी हाये." पाहुण्यांची बस निघून गेली. कोणी उठलं नाही, मीसुद्धा नाही.